क्रीडासंस्थेची गती आणि प्रायोजकांचे इंधन

श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचे जन्मस्थान. १९९१ मध्ये राजीव गांधी यांची हत्या येथेच झाल्याने हे नाव देशभर पोहोचले. चेन्नई-बंगळूर महामार्गावरील या गावाची तिसरी ओळख मात्र क्रीडाक्षेत्रातील आहे. जवळच्या इरुंगट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा शर्यतमार्ग आहे. हौसेतून जन्मलेली संस्था स्वतःच्या पायावर कशी उभी राहते, हे जाणून घेण्यासाठी तिचे उदाहरण उद्बोधक ठरते.

क्लबची स्थापना १९५३ मध्ये झाली. सुरुवातीच्या शर्यती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील शोळावरम येथील जुन्या धावपट्टीवर होत. गर्दी लोटे, नाव होई. परंतु जागा क्लबची नव्हती. १९९० मध्ये स्वतःचा शर्यतमार्ग सुरू झाला आणि संस्थेचे अर्थकारण बदलले. वर्षातून एखादा सोहळा भरविणारी संस्था आता वर्षभर उपयोगी पडणारी मालमत्ता सांभाळू लागली. शर्यतींसोबत प्रशिक्षण आणि कंपन्यांच्या वाहनचाचण्या यांसाठीही हा मार्ग वापरात आला.

प्रायोजकत्व म्हणजे देणगी नव्हे. तो दोन्ही बाजूंनी लाभाचा व्यवहार असतो. टायर उत्पादकास आपला माल वेगाच्या कसोटीवर उतरतो हे दाखवायचे असते. चेन्नईच्या एमआरएफचे नाव म्हणूनच या खेळाशी दीर्घकाळ जोडले गेले. टीव्हीएसने १९९४ मध्ये ‘वन मेक’ स्पर्धा सुरू केली. अशा स्पर्धेत सर्व स्पर्धक एकाच कंपनीची, एकाच प्रकारची वाहने चालवितात. स्वतःचे महागडे वाहन नसलेल्या होतकरू खेळाडूस त्यामुळे संधी मिळते, कंपनीला प्रसिद्धी लाभते आणि आयोजकांना स्पर्धेचा खात्रीचा कार्यक्रम मिळतो.

यशस्वी खेळाडू हीदेखील संस्थेची जाहिरातच असते. नारायण कार्तिकेयन यांनी आपल्या पहिल्याच शर्यतीत, श्रीपेरुंबुदूर येथे, पहिल्या तिघांत स्थान मिळविले. २००५ मध्ये ते जॉर्डन संघातर्फे फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले, तेव्हा त्यांच्या पाठीशी टाटा समूहाचे प्रायोजकत्व होते. स्थानिक मैदानावरील गुंतवणुकीचे फळ असे पुष्कळ वर्षांनी हाती येते.

तथापि एकाच प्रायोजकावर विसंबणे धोक्याचे असते. एकेकाळी जगभरच्या मोटारशर्यती तंबाखू कंपन्यांच्या पैशावर चालत. भारतात २००३ च्या कायद्याने तंबाखू उत्पादनांच्या जाहिरातीस आणि अशा प्रायोजकत्वास बंदी घातली. कायदा बदलला, बाजार मंदावला किंवा कंपनीचे धोरण पालटले, तर एका रात्रीत अंदाजपत्रक कोलमडू शकते.

कबड्डी, रग्बी किंवा फुटबॉलच्या लहान मंडळांनाही यातून काही सूत्रे घेता येतील. प्रेक्षक किती येतात, कोणत्या वयाचे येतात, याची नोंद ठेवावी. प्रायोजकास तीच हवी असते. एका मोठ्या नावाबरोबर गावातील दुकानदार, रुग्णालय, वाहनविक्रेते यांचेही लहान वाटे घ्यावेत. फलक कोठे लागेल, किती सामने होतील आणि रक्कम कधी मिळेल, हे लेखी ठरवावे. व्यवहार संस्थेच्या नावावरील खात्यातूनच व्हावेत आणि हिशेबांचे लेखापरीक्षण दरवर्षी व्हावे.

आणखी एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त व ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावरील खर्च कंपन्यांना सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून करता येतो. परंतु २०२१ च्या सुधारित नियमांनुसार, आपल्या उत्पादनाच्या विपणनासाठी दिलेले प्रायोजकत्व त्यात धरले जात नाही. म्हणून मुलांच्या प्रशिक्षणाचा प्रस्ताव आणि स्पर्धेच्या फलकाचा प्रस्ताव वेगवेगळे मांडणे उचित.

प्रायोजक येतात आणि जातात. मैदान, चोख हिशेब आणि नव्या खेळाडूंची रांग ज्या संस्थेकडे असते, तिच्या दाराशी पुढचा प्रायोजक येण्याची शक्यता अधिक असते.