बाण ओढू नका, लिहा!

सबमिशनच्या आदल्या रात्री गाईड सांगतात, ‘मधे एक चौकट वाढवा.’ मग तुम्ही माऊस धरून एकेक बाण सरकवत बसता. बसलायत ना कधी? आमच्या ग्रुपची तर आणखीच मजा. मूळ आकृती एका मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, तो बंद पडलेला आणि आमच्याकडे फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला तिचा फोटो. त्यात बदलणार काय, कप्पाळ! सगळी आकृती पहिल्यापासून काढली.

नंतर कळलं, ‘क्रोकी’ नावाची ऑनलाइन सेवा आहे. फुकट आणि ओपन सोर्स. तिला तुम्ही मजकूर द्यायचा, चित्र ती काढते. आपल्या रोजच्या प्रवासाचंच घ्या. साध्या फाइलमध्ये इंग्रजीत ‘ग्राफ’ लिहा, पुढे महिरपी कंस आणि कंसात एवढंच:

"कर्जत" -- "पळसदरी" -- "केळवली" -- "डोळवली" -- "लौजी" -- "खोपोली"

झाला खोपोली लोकलचा नकाशा! पळसदरीहून घाट चढणारी लाइन राहिली? खाली एक ओळ वाढवा:

"पळसदरी" -- "लोणावळा"

फाटा कुठे फुटणार, चौकटी किती अंतरावर, ते तिचं ती बघते. ही ग्राफव्हिझची ‘डॉट’ भाषा. क्रोकीला मर्मेड आणि प्लँटयूएमएलही कळतं.

हे वेबसाइटवर पेस्ट करूनही होतं, पण मला आवडलं ते कमांड लाइन टूल. टर्मिनलमध्ये ‘क्रोकी कन्व्हर्ट’ आणि पुढे फाइलचं नाव टाकलं, की एसव्हीजी तयार. भाषा कोणती, हे टूल फाइलच्या एक्स्टेंशनवरून ओळखतं. मराठी नावं नीट उमटतात, फक्त कधी एखादा शब्द चौकटीबाहेर डोकावतो. गो भाषेतली क्लायंट लायब्ररीही आहे. ती आपल्या प्रोग्राममध्ये घेतली, की चाळीस आकृत्या एका लूपमध्ये निघतात. गो येत नाही? अडत नाही. शेवटी ही एक एचटीटीपी रिक्वेस्टच, पायथॉनमधूनही जाते.

आता जरा थांबा. तुमचा मजकूर दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातोय. लोकलच्या स्टेशनांचं काही नाही, पण एनएसएसच्या सर्व्हेत एखाद्या वाडीतल्या कुटुंबांची नावं, कोणाकडे नळ नाही, कोणावर कर्ज आहे, असं असेल तर? शिवाय क्रोकीच्या चित्राची लिंक बनवलीत, तर सगळा मजकूर त्या लिंकमध्येच दाबून भरलेला असतो. ती अगम्य अक्षरं म्हणजे कुलूप नव्हे. कोणीही ती उलगडून वाचू शकतं. मैत्रिणीला म्हणून पाठवलेली लिंक पुढे किती ग्रुपवर फिरेल, सांगता येतं का?

उपाय आहे. क्रोकीची डॉकर इमेज स्वतःच्या लॅपटॉपवर चालवायची आणि टूलला तोच पत्ता द्यायचा. मग मजकूर घराबाहेर जात नाही, आणि एकदा इमेज उतरवली की नेटही लागत नाही. मर्मेडसाठी मात्र आणखी एक कंटेनर लागतो, म्हणून सुरुवात डॉटपासून करा. इमेज कॉलेजच्या वायफायवर उतरवा, मोबाइल डेटावर नको.