नंदीबैलाची मान

"कळलं ना?" सरांनी विचारलं, की वर्गातल्या सगळ्या माना कशा एकदम डोलतात! खरं सांगा, तुमचीही डोलते ना?

मी सहावीत असताना व्याजाचं गणित काडीचंही न कळता अशीच जोरात मान डोलावली होती. सरांनी नेमकं मलाच फळ्यापाशी बोलावलं. हातात खडू, पण उत्तर? शून्य! "नंदीबैल आहेस नुसता," सर म्हणाले. सगळे खो-खो हसले. मी मान खाली घातली, ती मधल्या सुट्टीपर्यंत वर केलीच नाही.

या एका मानेची मराठीत किती कामं बघा! राग आला की ती झटकायची, हरलो की तुकवायची. परीक्षा आली की मान मोडून अभ्यास. पाणी मिळालं नाही की रोपही मान टाकतं. आणि हो, 'माझी मान' वेगळी, 'माझा मान' वेगळा बरं का! म्हणूनच मानेचा पट्टा दवाखान्यात मिळतो आणि मानाचा फेटा समारंभात.

नुसतं 'मान हलवली' म्हटलं, तर होकार की नकार ते कळत नाही. 'डोलावली' म्हटलं की मात्र होकारच. वाऱ्यावर पीक डोलतं, तशी ही मान डोलते. आपल्याकडे ती वरखाली होते, तशी या खांद्याकडून त्या खांद्याकडेही कलते. परदेशी पाहुणे इथेच गोंधळतात. बल्गेरियात तर मान आडवी हलवली की 'हो'! चार्ल्स डार्विनने १८७२ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिलं आहे, की नको असलेला घास चुकवायला तान्हं बाळ तोंड बाजूला फिरवतं, आणि तोच त्याचा पहिला नकार.

आता नंदीबैल. अंगावर रंगीत झूल, शिंगांना गोंडे. मालक गुबुगुबु वाजवत विचारतो, "पाऊस पडेल का?" खूण मिळाली की बैल मान डोलावतो. पावसाचं त्या बिचाऱ्याला काय ठाऊक! न समजता 'हो' म्हणणाऱ्याला नंदीबैल म्हणतात, ते यामुळेच.

त्या संध्याकाळी माझा फुगलेला चेहरा पाहून आजी मला पंचवटीत घेऊन गेली. रामकुंडाजवळच्या पायऱ्या चढून आम्ही कपालेश्वराच्या देवळात गेलो. "इथला नंदी शोध पाहू," आजी म्हणाली. मी सगळीकडे पाहिलं. शंकराच्या देवळात नंदीच नाही!

मग तिने कथा सांगितली. शंकराच्या हातून ब्रह्महत्येचं पाप घडलं. ते कसं फिटेल, हे त्याला नंदीनेच सांगितलं. इथे गोदावरीत स्नान केल्यावर शंकर पापातून सुटला आणि त्याने नंदीला गुरू मानलं. मग गुरूला समोर कसं बसवायचं? म्हणून इथे नंदी नाही.

"म्हणजे नंदी बोलला?" मी विचारलं.

"बोलला तर! तोसुद्धा थेट महादेवाशी," आजी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गणिताच्या तासाला सरांनी विचारलं, "कळलं ना?" छातीत धडधडत होतं, तरी मी हात वर केला. "सर, नाही कळलं."

वर्ग चिडीचूप. मी हळूच मागे वळून पाहिलं. मागच्या बाकांवरच्या माना डोलत होत्या. आम्हालाही नाही!