पंथ बदलला, तर पुन्हा बाप्तिस्मा?

पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात कामधंद्यासाठी आलेल्यांत वेगवेगळ्या पंथांची ख्रिस्ती कुटुंबंही आहेत. लग्न किंवा घराजवळचं चर्च या निमित्ताने पंथ बदलताना हा प्रश्न येतोच.

● कॅथलिक : पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा दुसऱ्या पंथातला असला तरी चालतो. चौकशीनंतरही शंका उरली, तरच सशर्त बाप्तिस्मा. मॉर्मन पंथाचा बाप्तिस्मा मात्र व्हॅटिकनने २००१ मध्ये अग्राह्य ठरवला.

● चर्च ऑफ नॉर्थ इंडिया : १९७० मध्ये नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून स्थापना. बालपणीचा आणि प्रौढपणीचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य.

● बॅप्टिस्ट, पेंटेकॉस्टल : स्वतः विश्वास कबूल केल्यावर पाण्यात पूर्ण बुडवून. तान्हेपणीचा सहसा धरत नाहीत. त्यामुळे त्यांच्या लेखी हा दुसरा नव्हे, पहिलाच.

● अन्य धर्मातून आलेले : पहिलाच बाप्तिस्मा. पंडिता रमाबाईंनी तो १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे घेतला.

● चर्च सोडून परतलेले कॅथलिक : बाप्तिस्मा पुन्हा नाही, पापनिवेदन करावं लागतं.

कागद कोणता? जुन्या चर्चच्या नोंदवहीवरून मिळणारा बाप्तिस्म्याचा दाखला.