ल्युब्रिकंटची निवड आणि योनीमार्गातील हितकारक जिवाणू

योनीमार्ग कोरडा पडणे ही स्त्रियांची एक सर्वसाधारण तक्रार आहे. प्रसूतीनंतर स्तनपानाच्या काळात, रजोनिवृत्तीच्या सुमारास किंवा काही औषधोपचारांमुळे हा त्रास उद्भवतो आणि शरीरसंबंध वेदनादायी होतात. तरीही घरात तर सोडाच, डॉक्टरांपुढेही त्याचा उच्चार सहसा होत नाही. मग औषधाच्या दुकानातून गुपचूप आणलेले जेल किंवा घरातील खोबरेल तेल वापरले जाते. वंगण वापरण्यात गैर काहीच नाही. मात्र त्या नळीत नेमके काय आहे, याचा विचार क्वचितच होतो आणि त्याची किंमत योनीमार्गातील हितकारक जिवाणूंना मोजावी लागू शकते.

आम्लतेचे कवच

निरोगी योनीमार्ग जंतुविरहित नसतो. जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी १८९२ मध्ये तेथील दंडाकार जिवाणूंचे वर्णन केले. आज ते लॅक्टोबॅसिलस या नावाने ओळखले जातात. दह्याच्या विरजणातील जिवाणूंच्याच कुळातले हे. इस्ट्रोजेनच्या प्रभावाने योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठते. त्यापासून मिळणाऱ्या शर्करेवर हे जिवाणू जगतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करतात. त्यामुळे तेथील सामू, म्हणजेच पीएच, साधारण ३.८ ते ४.५ राहतो. एवढ्या आम्लतेत बहुतेक रोगजंतूंना बस्तान बसवता येत नाही.

हे जिवाणू घटले की गार्डनरेलासारखे इतर जिवाणू बळावतात आणि ‘बॅक्टेरियल व्हजायनोसिस’ होतो. पातळ, करडसर स्राव आणि मासळीसारखा वास ही त्याची खूण. या विकारामुळे एचआयव्हीसह लैंगिक संसर्गांचा धोका वाढतो. गरोदरपणात तो असल्यास अकाली प्रसूतीची शक्यताही वाढते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने हे कवच आधीच विरळ झालेले असते. म्हणजे ज्या वयात वंगणाची गरज अधिक, त्याच वयात निवडीची चूकही अधिक महाग पडते.

पाणी ओढून घेणारे जेल

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. बाहेरचे द्रावण अधिक दाट असल्याने ते फोडींतील पाणी ओढून घेते. पाण्याचा आधार असलेल्या अनेक ल्युब्रिकंटमध्ये हेच घडते. ती ओलसर व बुळबुळीत राहावीत म्हणून त्यांत ग्लिसरीन आणि प्रोपिलीन ग्लायकॉल घातलेले असते. ही मात्रा फार झाली, तर जेल अस्तराच्या पेशींतील पाणी शोषते; पेशी आक्रसतात आणि वरचा थर सुटू लागतो.

द्रावणाचा हा दाटपणा ‘ऑस्मोलॅलिटी’ या मापाने मोजतात. योनीस्रावाची ऑस्मोलॅलिटी किलोग्रॅममागे साधारण २६० ते २९० मिलिऑस्मोल असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मधील सल्लापत्रात ल्युब्रिकंटसाठी ती ३८०पेक्षा जास्त नसावी हे आदर्श मानले आणि बाजारातील वास्तव लक्षात घेऊन १२०० ही तूर्त कमाल मर्यादा सुचवली. पुष्कळ प्रचलित उत्पादने ही मर्यादाही ओलांडतात. योनीमार्गात वापरायच्या जेलचा सामू सुमारे ४.५ असावा, असेही त्यात नमूद आहे.

जंतुनाशक घटकांचा प्रश्न वेगळा. टिकाऊपणासाठी काही जेलमध्ये क्लोरहेक्सिडीन घालतात. प्रयोगशाळेतील चाचण्यांत अशा जेलमुळे लॅक्टोबॅसिलसही मेल्याचे दिसले. नॉनऑक्सिनॉल-९ या शुक्राणूनाशकाचा अनुभव तर अधिक बोलका आहे. ते एचआयव्हीला रोखेल या आशेने आफ्रिका व थायलंडमध्ये चाचणी झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वारंवार वापर करणाऱ्या स्त्रियांमध्ये संसर्ग उलट वाढला होता. संरक्षणासाठी घातलेला पदार्थच अस्तराला इजा करीत होता.

घरगुती तेलाचे काय?

कोकण-गोव्यात खोबरेल तेल घरोघरी असते आणि ‘नैसर्गिक’ म्हणून त्यावर विश्वासही असतो. मात्र कोणतेही तेल लॅटेक्स निरोधला कमकुवत करते आणि तो फाटण्याची शक्यता वाढते. पेट्रोलियम जेलीचेही तसेच. अमेरिकेतील स्त्रियांच्या एका अभ्यासात योनीमार्गात पेट्रोलियम जेली वापरणाऱ्यांमध्ये बॅक्टेरियल व्हजायनोसिस, तर तेल वापरणाऱ्यांमध्ये कॅन्डिडा ही बुरशी अधिक आढळली. सिलिकॉनच्या ल्युब्रिकंटमध्ये पाणी नसल्याने ऑस्मोलॅलिटीचा प्रश्न येत नाही आणि ती लॅटेक्सलाही बाधत नाहीत.

निवड कशी करावी?

प्रयोगशाळेत दिसलेला परिणाम प्रत्येक स्त्रीच्या शरीरात तसाच होईल असे नाही. क्वचित वापराने निरोगी शरीराचे फारसे बिघडत नाही. नियमित वापरात मात्र काळजी घ्यावी. वेष्टनावरील घटकांच्या यादीत ग्लिसरीन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल अगदी आरंभी असेल, तर त्याचे प्रमाण जास्त आहे असे समजावे. सुगंधी, ‘उष्णता देणारी’ आणि जंतुनाशकयुक्त उत्पादने टाळावीत. अपत्यप्राप्तीसाठी प्रयत्न करणाऱ्या दांपत्यांनी डॉक्टरांना विचारूनच जेल निवडावे, कारण आम्लधर्मी जेल शुक्राणूंना मानवत नाही.

वास, खाज, दह्यासारखा स्राव किंवा जळजळ जाणवल्यास साबणाने वा जंतुनाशकाने आतून धुऊ नये. त्याने उरलेले हितकारक जिवाणूही नाहीसे होतात. अशा वेळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्यास तर विलंब नकोच. कोरडेपणा सतत राहत असेल, तर वंगण हा तात्पुरता दिलासा ठरतो. त्यावर इस्ट्रोजेनच्या मलमासारखे प्रभावी उपचार उपलब्ध आहेत. मात्र ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत आणि त्यासाठी तक्रार आधी त्यांच्या कानावर जायला हवी.