बधिर चट्टा आणि तंतूंची वाढ (लेखांक सहावा)

मागील लेखांकात पाठीच्या कण्यालगतच्या गुच्छात वसणाऱ्या संवेदी चेतापेशीची रचना आपण पाहिली. बोईसरच्या कारखान्यात दिवसभर उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या अंगठ्याला खडा टोचल्याचे कळते, ते कमरेच्या मणक्याशेजारी असलेल्या एका सूक्ष्म पेशीचा सुमारे १ मीटर लांबीचा तंतू तेथवर पोहोचलेला असतो म्हणून. हा तंतू कोणाच्या आज्ञेने वाढतो आणि कशाच्या आधारे टिकतो, हा आजचा विषय. आणि तो पालघर जिल्ह्यातील वाचकास परका वाटण्याचे कारण नाही, कारण येथील पाड्यांवर कुष्ठरोगाचे नवे रुग्ण आजही आढळतात, व हा रोग त्वचेवर दिसत असला तरी मुळात मज्जातंतूंचा आहे.

त्याची तपासणी अगदी साध्या रीतीने होते. संशयिताला अंगणातल्या उजेडात बसवून, 'आता डोळे मिटा, नि जिथं लागेल तिथं बोट ठेवा' असे सांगून आरोग्य कर्मचारी बॉलपेनचे टोक कातडीवर हलकेच टेकवितो. निरोगी जागी बोट अचूक येते, फिकट चट्ट्यावर मात्र पेन टेकून उचलले तरी मांडीवरचा हात हलत नाही. त्याच हाताच्या बोटांवर कधीकधी चुलीवरच्या भांड्याने भाजल्याचे व्रण असतात, आणि ते केव्हा झाले हे त्या माणसाला सांगता येत नाही. हे अज्ञान मला रोगाच्या इतर साऱ्या लक्षणांहून भयंकर वाटते.

ही बधिरता संवेदी तंतू निकामी झाल्याने येते. या तंतूंना पोसणाऱ्या द्रव्याचा शोध रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीच्या चिकाटीचे फळ होय. ज्यूंविरुद्धच्या कायद्यांमुळे विद्यापीठाचे दार बंद झाले असता तिने तुरीन येथील घराच्या शयनगृहातच कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग चालू ठेवले. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुइस येथे, उंदराच्या अर्बुदाचा तुकडा गर्भाला जोडला की संवेदी तंतू त्याच्याकडे झुंडीने वाढतात, असे तिला आढळले. तिचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांनी द्रव्य निष्प्रभ होते का यावरून ते ओळखण्यासाठी त्यात सर्पविष मिसळले, तर तंतू उलट अधिकच फोफावले, कारण ते वृद्धिद्रव्य विषातच विपुल होते. आपल्याकडील नागाच्या विषातही तशाच जातीचे प्रथिन असते. १९८६ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हे वृद्धिद्रव्य एक प्रथिन असून ते त्वचेतील पेशी स्रवतात. वेदना व उष्णता जाणणाऱ्या बारीक तंतूंच्या टोकावर त्याचा ट्रक-ए नावाचा ग्राही असतो. प्रथिन चिकटताच असे दोन ग्राही जवळ येऊन एकमेकांवर फॉस्फेटचे कण चढवितात, आणि तेथून कामाच्या वाटा फुटतात. रास नामक प्रथिनापासून निघून ईआरके या विकरापर्यंत जाणारी वाट तंतूच्या लांबीला चालना देते. दुसरी, एकेटी या विकराची, पेशीला मरणापासून वाचविते आणि जीएसके-३ या विकराला आवर घालते, त्यामुळे तंतूच्या आतील सूक्ष्मनलिकांची बांधणी पुढे सरकते. तिसरी कॅल्शियम मोकळे करते. परंतु टोकाची ही उलाढाल केंद्रकाला कळविल्यावाचून नवी प्रथिने घडत नाहीत. म्हणून ग्राही व वृद्धिद्रव्य एका पुटिकेत बंद होऊन, सरहद्दीवरच्या तलाठ्याचा अहवाल सदर कचेरीत रवाना व्हावा तद्वत्, नलिकांच्या वाटेने पेशीकायेकडे नेले जातात, आणि त्या अहवालाबरहुकूम केंद्रकातील जनुके जागी होतात.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंना वेढणाऱ्या श्वान पेशींत ठाण मांडतात. १९९४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रवीण आनंद यांनी मुंबईचे सुनील पंड्या, भीम सिंघल इत्यादी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की कुष्ठरुग्णांच्या त्वचेत हे वृद्धिद्रव्य घटलेले असते. म्हणजे ज्या हद्दीतून अहवाल निघावयाचा तीच कंगाल होते. मग ते द्रव्य टोचून का देऊ नये, असे वाचक विचारील. मधुमेहातील तंतुक्षयावर तो प्रयोग झाला आहे. पण मोठ्या चाचणीत अपेक्षित गुण आला नाही, आणि टोचल्या जागी वेदना मात्र झाल्या, कारण हेच द्रव्य वेदनातंतूंना उत्तेजितही करते. शिवाय तुटलेला तंतू अनुकूल स्थितीतही दिवसाला सुमारे १ मिलिमीटरच वाढतो, आणि श्वान पेशींची वाट उद्ध्वस्त झाली तर तेवढेही घडत नाही.

तेव्हा तंतू शाबूत आहेत तोवरच जंतूंचा निःपात करणे, हाच आजघडीला खात्रीचा मार्ग. १९८२ पासून प्रचारात असलेली बहुविध औषधयोजना सहा किंवा बारा महिन्यांची असून सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळते. पालघर, बोईसर, डहाणू, जव्हार, कोठेही असा, अंगावर न खाजणारा, न दुखणारा, स्पर्श न जाणणारा चट्टा दिसला तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तो दाखवा, आणि घरातील इतरांचीही तपासणी करून घ्या.