साल राखावी, गाभा टाकावा

साल टाकून द्यावी आणि गाभा घ्यावा, हा केळे सोलणाऱ्या पोरापासून वेदान्ताचे निरूपण करणाऱ्या शास्त्रीबुवांपर्यंत सर्वांना सारखाच मान्य असलेला व्यवहार आहे. परंतु आफ्रिकेच्या दक्षिण भागात, कलहारीच्या रेताड मुलखात, बाणांसाठी भाता करावयास बसलेला मनुष्य नेमका याच्या उलट वागतो. तो साल जिवापाड जपतो आणि आतले भरीव लाकूड निरुपयोगी म्हणून बाजूला सारतो. त्याची ही उफराटी रीत एकदा नीट उमगली, म्हणजे त्या भात्याची सारी कारागिरी उमगली.

भाता म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे अक्षय तूणीर बाळगणारा अर्जुन उभा राहतो. संस्कृतात तूणीर, निषंग, इषुधी असे भारदस्त शब्द हाताशी असताना मराठीने 'भाता' हा शब्द पत्करला. तो 'भस्त्रा' म्हणजे कातड्याची पिशवी या शब्दापासून आलेला असल्यामुळे लोहाराचा भाता आणि धनुर्धराचा भाता आपल्या भाषेत एकाच नावाने नांदत आले आहेत. शब्दाच्या पोटात असे कातडे दडलेले असले, तरी जगातील सगळेच भाते कातड्याचे नसत. मध्य आशियातील घोडेस्वारांनी भूर्जवृक्षाच्या सालीचे भाते वापरले आणि कलहारीतील सान लोकांनी, ज्यांना युरोपियन प्रवासी 'बुशमन' म्हणत, ही कला आपल्या परीने पूर्णत्वास नेली.

या कलेची एक जुनी नोंद डच अमदानीतील आहे. केपच्या डच वसाहतीचा कारभारी सीमॉन व्हॅन डर स्टेल हा 1685 साली तांब्याच्या शोधार्थ नामाक्वालँडकडे निघाला असता, तेथील लोक एका विलक्षण झाडाच्या फांद्या पोखरून त्यांचे भाते करतात असे त्याला आढळले. त्या झाडाला आफ्रिकान्स भाषेत 'कोकरबोम' म्हणतात. 'कोकर' म्हणजे भाता आणि 'बोम' म्हणजे झाड. हे भात्याचे झाड आपल्या अंगणातील कोरफडीचेच भाऊबंद असले, तरी ते दोन-तीन पुरुष उंच वाढते, आणि त्याची प्रत्येक फांदी पुढे दुभंगत जाते. फांदीच्या आत टणक लाकूड नसून पाणी साठवून ठेवणारा भुसभुशीत, तंतुमय गर असतो. तो कोरून काढला आणि एका तोंडाला चामडे बसविले, की भाता तयार होतो. नामिबियात कीटमन्सहूप गावाजवळ या झाडांची अडीचशेच्या आसपास संख्या असलेली राई आहे आणि 1995 साली तिला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा देण्यात आला.

परंतु उत्तरेकडे, नामिबिया आणि बोट्स्वाना यांच्या सरहद्दीवर राहणाऱ्या जूहोआन्सी नावाच्या सान लोकांच्या मुलखात हा कोकरबोम नाही. तेथला कारागीर बाभळीच्या गोतातील एका काटेरी वृक्षाकडे वळतो, आणि त्याची नजर फांदीवर न जाता मुळावर जाते. यातच त्याचे शहाणपण आहे. फांदीला गाठी असतात, फाटे असतात, ऊनवाऱ्याने आलेला वाक असतो. उलट मऊ वाळूतून ओलाव्याच्या शोधात आडवे धावणारे मूळ हातभर लांबीपर्यंत सरळ, बिनगाठीचे आणि सारख्या जाडीचे मिळू शकते. खणण्याच्या काठीने वाळू उकरून असे मूळ उघडे केले, मनगटाहून जाड असा दीड-दोन फुटांचा तुकडा तोडून घेतला, म्हणजे पुढचे काम विस्तवाचे.

हा ओला तुकडा गरम राखेत आणि निखाऱ्यांत ठेवून सावकाश फिरवीत राहावे लागते. साल आणि लाकूड यांच्यामध्ये सजीव पेशींचा जो नाजूक, रसरशीत थर असतो, ज्याला वनस्पतिशास्त्रज्ञ 'ऊतककर' म्हणतात, तो आचेने शिजतो, त्यातील पाण्याची वाफ होते आणि दोहोंमधील जन्मापासूनचा सांधा सैल पडतो. आच कमी झाली तर साल सुटत नाही, अधिक झाली तर ती करपून तडकते. म्हणून येथे घाई करून चालत नाही. मग तुकडा बाहेर काढून चोहोबाजूंनी हलक्या हाताने ठोकतात, पिळतात, आणि अखेरीस आतले लाकूड एका टोकाने ओढू लागले, की अंगरख्याच्या बाहीतून हात निघावा तसे ते अखंड बाहेर येते. मागे उरते ती सालीची नळी. तिला सांधा नाही, शिवण नाही, खिळा नाही.

पुढची कामे त्या मानाने किरकोळ आहेत. नळी बाहेरून खरवडून साफ करतात, बूड कच्च्या कातड्याने बंद करतात, आणि तोंडावर काढता-घालता येईल असे कातड्याचेच झाकण बसवितात. ओले कातडे वाळताना आक्रसते आणि सालीला घट्ट आवळून धरते, त्यामुळे ती सहसा फुटत नाही.

आता एवढा घट्ट भाता आणि त्याला झाकणही कशासाठी, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर बाणांत आहे. सान लोकांचे धनुष्य लहान आणि हलके असते; नुसत्या जोराने मोठे हरिण लोळविण्याची त्याची ताकद नाही. मारण्याचे काम विषाचे. डायम्फिडिया नावाच्या भुंग्याच्या अळ्या गुग्गुळाच्या जातीच्या झुडपांखालील मातीतून उकरून काढतात आणि त्यांच्या अंगातील रस बाणाच्या टोकाला न लावता टोकामागच्या दांडीला लावतात, जेणेकरून नुसता ओरखडा उठला तर शिकाऱ्याचाच घात होऊ नये. बाण लागताच त्याची मागची काडी गळून पडते आणि टोक जनावराच्या अंगात राहते. विष रक्तातील तांबड्या पेशींचा नाश करीत सावकाश काम करते; जिराफासारखे मोठे जनावर पडावयास कित्येक दिवस लागतात, आणि तोवर शिकारी पावलांचे ठसे वाचीत त्याच्या मागे चालत राहतो. असे बाण घरात, मुलांबाळांच्या वावरात ठेवावयाचे, तर त्यांना न फुटणारी नळी आणि घट्ट बसणारे झाकण हवेच.

या भात्यातील सगळेच बाण मालकाचे नसतात, ही गोष्ट मात्र आपल्याला अपरिचित वाटेल. मानवशास्त्रज्ञ लोर्ना मार्शल यांनी 1951 पासून आणि रिचर्ड ली यांनी 1963 पासून या समाजात राहून जे तपशील नोंदविले, त्यांत ही रीत आहे. बाण भेट म्हणून दिले-घेतले जातात, आणि शिकार झाली म्हणजे मांसाची वाटणी करण्याचा हक्क बाण मारणाऱ्याचा नसून ज्याचा बाण लागला त्याचा असतो. त्यामुळे शिकारीला न जाणारा म्हातारा किंवा एखादी स्त्रीही वाटणीची धनी होऊ शकते. उत्तम नेमबाजाला गर्व चढू न देण्याची ही व्यवस्था कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली नाही. ती त्या सालीच्या नळीत एकत्र वसणाऱ्या अनेकांच्या बाणांनी सांभाळली आहे.

आज नामिबियातील न्ये न्ये या संरक्षित क्षेत्रात परंपरागत धनुष्यबाणाने शिकार करण्याची मुभा जूहोआन्सींना आहे; इतरत्र पुष्कळ ठिकाणी शिकारीचा हक्क गेला, आणि भाता प्रवाशांना विकावयाची वस्तू होऊन बसला. वाचकांपैकी कोणाला एखाद्या संग्रहालयात मुळाच्या सालीचा असा भाता पाहावयास मिळाला, तर त्यांनी शेजारची चिठ्ठी वाचण्यापूर्वी त्या नळीवर शिवण शोधून पाहावी. ती सापडणार नाही.