एका वाणासाठी पंधरा वर्षे

नेक्टरिन हे पीच आणि आलुबुखार यांच्या संकरातून जन्मले, असे फळबाजारात सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही. नेक्टरिन म्हणजे लव नसलेले पीच. फरक मुख्यतः एका जनुकाचा, आणि गुळगुळीतपणाचा हा गुण अप्रभावी आहे. त्यामुळे शुद्ध पीचचा नेक्टरिनशी संकर केला तर पहिल्या पिढीतील सगळी झाडे लवदार फळेच देतात. गुळगुळीत फळ दुसऱ्या पिढीत, चार झाडांमागे सरासरी एकावर दिसते. प्रत्येक पिढीला फळावर येण्यास तीनेक वर्षे लागतात. आपल्या फलोत्पादन धोरणाला मान्य नसते ती नेमकी हीच कालगणना.

पीच स्वतःच्याच परागावर फळते. म्हणून कळी उमलण्यापूर्वी पैदासकाराला चिमट्याने पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि मग दुसऱ्या झाडाचे पराग लावावे लागतात. पुढे आठळीतील बी काही आठवडे ओलसर थंडीत ठेवायचे. लवकर पिकणाऱ्या वाणांची अडचण वेगळीच : गर पिकतो तेव्हा बीमधला भ्रूण अपक्व असतो, त्याला प्रयोगशाळेत वाढवावे लागते. एवढ्या खटाटोपाने उगवलेल्या शेकडो-हजारो रोपांपैकी बहुतेक पहिली फळे चाखून उपटून टाकली जातात. उरलेल्या मोजक्यांची कलमे निरनिराळ्या उंचीवर अनेक हंगाम पारखली जातात. पहिल्या संकरापासून बागायतदाराच्या हाती कलम पडेपर्यंत दहा-पंधरा वर्षे सहज जातात.

हिमाचलच्या सिरमौर जिल्ह्यातील राजगढ हा पीचचा मुलूख. तेथील बागायतदारांशी बोलताना एकच तक्रार मी दोन बाजूंनी ऐकली : हिवाळा पुरेसा थंड राहत नाही, आणि फुलोरा आला की थंडी परत फिरते. झाडाला सुप्तावस्थेतून बाहेर पडण्यासाठी ठरावीक तासांची थंडी लागते. थोड्या थंडीत भागवणारे वाण लावावे, तर ते उबदार जानेवारीत फसते, वेळेआधी फुलते आणि नंतरच्या हिमात किंवा गारपिटीत सापडते. वर पावसाळा आहेच. फळ त्याच्या आधी उतरवायला हवे. लवेचे कवच नसल्यामुळे नेक्टरिनची साल तडकते, फुलकिड्यांचे डाग तिच्यावर उठून दिसतात. थोडी थंडी, तरी उशिरा फुलोरा, आणि पावसाआधी काढणी : या तीन अटी एकत्र पाळणारे झाड हिमालयाच्या उतारांसाठी दुसरे कोणी कशाला तयार करील?

फ्लोरिडा विद्यापीठाने १९५०च्या दशकात कमी थंडीच्या पीचचे काम हाती घेतले, ते त्या राज्याच्या गरजेपोटी. 'फ्लोर्डा प्रिन्स' १९८२ मध्ये आले. आज पंजाबच्या मैदानात ते वाढते, म्हणजे एका परक्या सार्वजनिक विद्यापीठाच्या तीस वर्षांच्या चिकाटीचे फळ आपण खातो. त्यात कमीपणा काही नाही. पण आयात केलेले वाण आयात केलेल्या हवामानासह येत नाही.

कायदा आड येतो, असे म्हणता येणार नाही. वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ वृक्षांच्या नव्या वाणाला १८ वर्षांपर्यंत संरक्षण देतो आणि शेतकऱ्याचे हक्कही राखतो. मात्र एवढ्या संथ आणि इतक्या लहान क्षेत्रावरच्या फळात खासगी कंपनीला रस वाटण्याचे कारण नाही. सरकारी संशोधन प्रकल्प सहसा तीन-पाच वर्षांचे. झाड फळावर येते तेव्हा अहवाल सादर होऊन गेलेला असतो.

शेतकरी स्वतः वाण घडवतात, असा युक्तिवाद होतो. बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी 'एचआरएमएन-९९' हे उबदार प्रदेशातील सफरचंद पुढे आणले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच होती. पण आपोआप उगवलेल्या एखाद्या विलक्षण रोपाची पारख करणे वेगळे आणि तीन गुण ठरवून एका झाडात आणणे वेगळे. दुसऱ्या कामाला जमीन आणि सलग मनुष्यबळ लागते, आणि ते सरकारच पुरवू शकते. मला तरी अन्य दाता दिसत नाही.

जनुकचाचणीने थोडा वेळ वाचेल. लव कशामुळे जाते, हे इटलीतील संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवले : एका जनुकात डीएनएचा तुकडा घुसलेला असतो. रोपाच्या पानावरूनच तो ओळखता येतो, म्हणजे नको ती रोपे शेतात तीन वर्षे पोसावी लागत नाहीत. बाकी कामासाठी संस्था आहेतच : लुधियानाचे कृषी विद्यापीठ, सोलनजवळचे नौणीचे डॉ. परमार विद्यापीठ, श्रीनगरची समशीतोष्ण फलोत्पादन संस्था. लुधियानात पीच फुलते तेव्हा श्रीनगरच्या बागा निद्रिस्त असतात. पण पराग वाळवून गोठवून ठेवता येतात आणि काही आठवड्यांनी उत्तरेच्या कळ्यांवर लावता येतात. त्यासाठी तिन्ही ठिकाणचा एकच कार्यक्रम हवा, त्याला पंधरा वर्षांची आर्थिक तरतूद हवी आणि मधल्या काळात त्या रोपांची जमीन नव्या इमारतीसाठी काढून घेतली जाणार नाही, अशी लेखी हमी हवी.